टायरलाही वय असते

जुन्या मोटारींचा मेळावा भरतो तेव्हा गर्दी कशाभोवती होते? आरशासारखा चमकणारा रंग, क्रोमचे बंपर, पांढऱ्या पट्ट्याची चाके आणि हल्ली जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली एखादी गाडी. लोक बॉनेट उघडून इंजिन बघतात, हॉर्न वाजवतात, फोटो काढतात. खाली वाकून टायरच्या कडेवर कोरलेले चार आकडे वाचणारा माणूस मात्र क्वचितच दिसतो. त्या चार आकड्यांत टायरची जन्मतारीख असते. गाडी जितकी जुनी, देखणी आणि कमी चालवलेली, तितकी ही तारीख महत्त्वाची ठरते.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या सांता क्लॅरिटा येथे ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपटांचा नायक पॉल वॉकर मोटार अपघातात गेला. तो चाळीस वर्षांचा होता. गाडी त्याचा मित्र चालवत होता, तोही वाचला नाही. ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर २००५ सालची ती पोर्श कॅरेरा जीटी ताशी १३० ते १५० किलोमीटरच्या दरम्यान धावत होती. तपासात अपघाताचे कारण म्हणून बेफाम वेगच नोंदवला गेला. पण त्याच तपासात आणखी एक नोंद झाली. गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्याचा गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असू शकतो, असे तपास अधिकाऱ्यांनी म्हटले. अत्यंत महागडी, अत्यंत जपलेली गाडी, पण रस्त्याला टेकणारे रबर जुने.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशासाठी, असे कुणाला वाटेल. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. अनेक साथींपेक्षा हा आकडा मोठा आहे. अपघात विभागात येणाऱ्या रुग्णाच्या छातीला, मणक्याला, डोक्याला काय होणार, हे पुष्कळदा त्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत ठरते. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबली की घसरली, वळणावर टिकली की फिरली, एवढाच तो प्रश्न असतो. त्याचे उत्तर तळहाताएवढ्या रबराच्या चार तुकड्यांवर अवलंबून असते.

तळहाताएवढी जागा

‘तळहाताएवढा’ ही अतिशयोक्ती नाही. गाडीचे वजन रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. समजा चार माणसांसह एका छोट्या जुन्या मोटारीचे वजन साडेअकराशे किलो आहे. एका चाकावर सुमारे २९० किलो आले. टायरमध्ये २४ पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.७ किलो दाब. भागाकार केला तर रस्त्याला टेकलेली जागा येते साधारण १७० चौरस सेंटिमीटर. मोठ्या माणसाचा बोटांसकट पंजा जवळपास एवढाच असतो. गाडी चालवणे, वळवणे, थांबवणे हे सगळे काम अशा चार पंजांवर चालते. म्हणूनच टायरची रुंदी, उंची, बांधणी किंवा हवा यांतला छोटासा बदलही थेट जिवाशी जोडलेला असतो.

संथ गाड्यांचे शहर

गाडी मुद्दाम खाली बसवण्याची हौस समजून घ्यायची तर पुन्हा लॉस एंजेलिसलाच जावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतील तरुणांनी जुन्या, स्वस्तात मिळणाऱ्या मोटारी घेऊन त्या सजवायला सुरुवात केली. इतर तरुण गाडी वेगवान करण्याच्या मागे असताना यांनी उलटा मार्ग धरला. गाडी खाली असावी, संथ चालावी आणि लोकांनी ती डोळे भरून बघावी. डिकीत वाळूची पोती टाकणे, स्प्रिंगचे वेढे कापणे असे सुरुवातीचे उपाय होते. या गाड्यांना ‘लोरायडर’ नाव पडले. व्हिटियर बुलेव्हार्डसारख्या रस्त्यांवर त्यांच्या मिरवणुका निघू लागल्या.

कॅलिफोर्निया सरकारने १९५८ मध्ये कायदा केला. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये, असे त्याने ठरवून दिले. त्यावर रॉन अ‍ॅग्विरे या तरुणाने आपल्या १९५७च्या कॉर्व्हेट गाडीला हायड्रॉलिक पंप बसवून तोडगा काढला. पोलीस दिसले की बटण दाबायचे आणि गाडी वर उचलायची, ते गेले की पुन्हा खाली. पुढे हीच या गाड्यांची ओळख बनली. कॅलिफोर्नियाने ही बंदी अखेर उठवली आणि १ जानेवारी २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. दरम्यान वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात न्यू मेक्सिकोतील एक लोरायडर मानाने जाऊन बसली होती. म्हणजे ही हौस केवळ पोरखेळ नाही, त्या समाजाची ती कला आहे. प्रश्न कलेचा नाही, तिच्या पायाखालच्या टायरचा आहे.

या गाड्यांत सर्वांत लाडकी म्हणजे १९६४ची शेवरले इम्पाला. तिचे वजन सुमारे सोळाशे किलो. कारखान्यातून ती चौदा इंची रिमवर, चांगल्या भरदार टायरसह बाहेर पडायची. लोरायडरवाल्यांनी तिला अरुंद टायर घातले. आधी ५.२०-१४ या मापाचे, पुढे तेरा इंची तारांच्या चाकांवर १५५/८० आर १३ या मापाचे. चाक लहान झाले की गाडी आणखी खाली येते, मडगार्डच्या आत सहज मावते आणि हायड्रॉलिकला मोकळी जागा मिळते. दिसायला सुंदर. पण वजनाचा हिशेब काय सांगतो?

टायरवरचे आकडे वाचताना

‘१५५/८० आर १३ ७९ टी’ असे टायरच्या कडेवर रोमन लिपीत लिहिलेले असते. १५५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १२४ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. १३ हा रिमचा इंचांतला व्यास. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे. यातला ७९ हा आकडा सर्वांत दुर्लक्षित असतो आणि जुन्या गाडीसाठी तोच सर्वांत मोलाचा आहे. तो भारांक आहे. ७९ म्हणजे एका टायरने जास्तीत जास्त ४३७ किलो पेलायचे, तेही त्यात पुरेशी हवा असेल तर.

चार टायर मिळून झाले १,७४८ किलो. सोळाशे किलोच्या इम्पालात चार माणसे बसली की ही मर्यादा तिथेच ओलांडली जाते. त्यात डिकीतले पंप आणि सहा-आठ बॅटऱ्या धरा, एकेक बॅटरी वीस-पंचवीस किलोची. हे सगळे वजन मागच्या दोन टायरवर जास्त येते. याच मापाचा टायर भारतात आठशे-साडेआठशे किलोच्या छोट्या हॅचबॅक गाड्यांना बसतो. तिथे तो आरामात असतो, इम्पालाखाली मात्र कायम शेवटच्या टोकाला.

दुसरी अडचण रिमची. या टायरसाठी चार ते साडेपाच इंच रुंदीची रिम योग्य. लोरायडरच्या तारांच्या चाकांची रिम पुष्कळदा सात इंचांची असते. टायर तिच्यावर ताणून बसवावा लागतो. ताणलेल्या टायरची भिंत तिरकी होते, रिमला घट्ट धरून ठेवणारी कड आपल्या जागेवर नीट बसत नाही आणि खड्ड्यात दणका बसला की हवा निसटण्याची भीती राहते.

मिरवणुकीत, ताशी दहा-पंधरा किलोमीटरच्या वेगाने, हे सगळे खपून जाते. मूळ कल्पनाच संथ चालण्याची होती. तीच गाडी महामार्गावर आली की हिशेब बदलतो.

उष्णता हा खरा शत्रू

टायर फिरताना त्याचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकतो, दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. दर दबण्यात थोडी ऊर्जा उष्णता बनून आत राहते. १५५/८० आर १३ या टायरचा घेर सुमारे १.८ मीटर आहे. म्हणजे एका किलोमीटरमध्ये तो साडेपाचशे वेळा फिरतो. ताशी ८० किलोमीटरने तासभर प्रवास केला तर टायरचा प्रत्येक भाग ४४ हजार वेळा वाकतो. वजन जास्त आणि हवा कमी असेल तर दरवेळी तो अधिक वाकतो, अधिक तापतो. रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात. रबर फार तापले की त्याची या पट्ट्यांवरची पकड सुटू लागते. आधी आत बारीक भेग, मग फुगवटा आणि एक दिवस नक्षीचा सगळा पट्टाच सोलून निघतो. लोक म्हणतात, ‘अचानक टायर फुटला.’ प्रत्यक्षात त्या ‘अचानक’ची तयारी आत कित्येक महिने चाललेली असते. रक्तदाबाचा रुग्ण जसा पक्षाघात होईपर्यंत ठणठणीत दिसतो, तसेच हे आहे.

बसून राहण्याचा आजार

आता वयाचा मुद्दा. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत ठिसूळ. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये ते गंधकासोबत तापवले आणि टिकाऊ रबर हाती आले. रबराच्या लांब साखळ्यांना गंधक जागोजागी जोडून धरते, म्हणून ते ताणले तरी परत येते. पण हवेतला प्राणवायू या साखळ्यांवर सतत काम करत असतो. बाहेरून नव्हे फक्त, टायरमध्ये दाबाने भरलेली हवाही आतून झिरपत राहते. रबर हळूहळू कडक होते, लवचीकपणा जातो. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे थंड गॅरेजमधला टायर आणि विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हात उभ्या गाडीचा टायर एकाच वर्षी बनले असले तरी एकाच वयाचे राहत नाहीत.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने एका मोठ्या विमा कंपनीची माहिती प्रसिद्ध केली होती. कंपनीचे २७ टक्के ग्राहक टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोना या पाच उष्ण राज्यांतले. टायरमुळे झालेल्या नुकसानीचे ७७ टक्के दावे मात्र तिथूनच आले आणि त्यांतले ८४ टक्के दावे सहा वर्षांहून जुन्या टायरचे होते. महाराष्ट्राचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणला की या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे हवेतला ओझोन. तो ताणलेल्या रबराला बारीक भेगा पाडतो. त्यापासून बचावासाठी कारखान्यात रबरात मेण आणि ‘६पीपीडी’सारखी संरक्षक रसायने मिसळतात. टायर फिरतो, वाकतो तेव्हा ही द्रव्ये आतून पृष्ठभागावर येतात आणि एक पातळ थर धरतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर हा थर नव्याने तयार होत नाही. म्हणून रोज धावणाऱ्या टॅक्सीच्या टायरपेक्षा वर्षातून दोनदा मेळाव्याला निघणाऱ्या गाडीच्या टायरवर भेगा लवकर दिसू शकतात. टॅक्सीचा टायर झिजून बाद होतो, हौशी गाडीचा टायर बसून बसून बाद होतो. फरक एवढाच की झिजलेला टायर डोळ्यांना दिसतो. बसून म्हातारा झालेला टायर खोल नक्षीमुळे नवाकोरा वाटतो.

अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. टायर कंपन्या साधारणपणे दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानतात, मग नक्षी कितीही शिल्लक असो.

इम्पाला आणि पद्मिनी

लॉस एंजेलिसच्या लोरायडरवाल्यांनी डोक्यावर घेतलेले ५.२०-१४ हे माप मराठी वाचकाला परके नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनीला हेच माप होते. तिथे सोळाशे किलोची इम्पाला, इथे नऊशे किलोच्या आतबाहेरची पद्मिनी. पद्मिनीसाठी हा टायर बेताचा आणि योग्य होता. हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी त्यावर वर्षानुवर्षे धावल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आता उरलेल्या पद्मिनी आहेत त्या प्रामुख्याने हौशी लोकांकडे. त्यांतल्या काही तशाच जपलेल्या, तर काही खाली बसवून, रुंद चाके घालून नटवलेल्या.

पद्मिनीला पुढे गोल स्प्रिंगा आणि मागे पाटे असतात. गाडी खाली घेण्यासाठी पुढच्या स्प्रिंगचा एखादा वेढा कापतात, मागचा एखादा पाटा काढतात. स्प्रिंग कापली की ती आखूड होते आणि कडकही होते. चाकाला वर-खाली व्हायला जागा उरत नाही. मग गतिरोधकावर किंवा खड्ड्यात टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर घासतो. तिथे बाजूच्या भिंतीला चीर पडली तर ती दुरुस्त होत नाही, कारण पंक्चर काढता येते ते नक्षीच्या भागातले. पाटा काढला की मागे भार पेलण्याची ताकदच कमी होते. शिवाय खाली बसवलेल्या गाडीची चाके वरच्या बाजूने आत कलतात. टायर आतल्या कडेला झिजतो आणि ती झीज उभ्याने बघणाऱ्याला दिसतच नाही.

जुन्या मापाचा टायर सहज मिळेनासा होतो तेव्हा तीन मोह समोर येतात. पहिला, चोरबाजारात किंवा एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर सापडलेला ‘न वापरलेला’ टायर. तो नवा नसतो, फक्त न वापरलेला असतो. दुसरा, रिमोल्ड टायर. वरची नक्षी ताजी, पण आतला सांगाडा जुनाच. तिसरा, हाताला लागेल तो रुंद, बुटका टायर. बुटक्या टायरने गाडी खाली दिसते हे खरे, पण घेर कमी झाल्याने वेगाचा काटा चुकतो, वळताना टायर घासतो आणि भारांक पुरेसा आहे की नाही हे कुणी तपासत नाही.

जुनी गाडी, जुनी छाती

आजच्या मोटारीत टायरने दगा दिला तर मागे आणखी तीन-चार आधार असतात. खांदा आणि कंबर धरणारा पट्टा, एअरबॅग, डोक्यामागची उशी, दणका शोषून घेणारा पुढचा भाग. तीन ठिकाणी बांधला जाणारा पट्टा व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलीन या अभियंत्याने १९५९ मध्ये आणला, पण तो सर्वत्र पोहोचायला दशके गेली. धडकेत दबून जाणारा स्टिअरिंगचा दांडा अमेरिकेत १९६८च्या सुमारास सक्तीचा झाला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत हा दांडा म्हणजे चालकाच्या छातीवर रोखलेला सरळसोट लोखंडी भाला.

समोरून धडक बसते तेव्हा गाडी थांबते, पण पट्टा नसलेले शरीर त्याच वेगाने पुढे जाते. छाती स्टिअरिंगवर आदळते. बरगड्या आणि छातीचे मधले हाड मोडू शकते, हृदयाला मुका मार बसतो, फुप्फुसात हवा किंवा रक्त साचते. सर्वांत घातक इजा महाधमनीची. हृदयातून निघालेली ही मोठी रक्तवाहिनी छातीत वळण घेऊन खाली उतरते. त्या वळणापाशी ती एका बाजूने मोकळी आणि पुढे पाठीच्या बाजूला जखडलेली असते. शरीर एकदम थांबले की नेमकी तिथे ती फाटू शकते. असे बहुतेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. मागून धडक बसली तर डोक्यामागे उशी नसल्याने मान झटक्याने मागे जाते.

म्हणजे जुन्या गाडीत धडकेनंतर वाचवणारे फारसे काही नसते. जे काही आहे ते धडक होऊ न देणारे. चांगले ब्रेक, जागरूक चालक आणि टायर. जुन्या गाडीत टायरवर पैसे वाचवणे म्हणूनच सर्वांत महाग पडते.

निवड कशी करावी

पहिली गोष्ट वजन. गाडीचे रिकामे वजन, त्यात नेहमी बसणारी माणसे आणि सामान मिळवा. पुढे-मागे वजन सारखे नसते, म्हणून चाराने भागून आलेल्या आकड्यावर भरपूर वाढ धरा. एवढा भार सहज पेलणारा भारांक असलेलाच टायर घ्या. दिसण्याचा विचार त्यानंतर.

दुसरी गोष्ट तारीख. ‘डीओटी’ या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि त्याची जागा रस्त्यावर नाही. हे आकडे पुष्कळदा एकाच बाजूला असतात, ती बाजू गाडीच्या आत वळलेली असू शकते. अशा वेळी टॉर्च घेऊन खाली वाकायचे. स्टेपनीची तारीखही बघायची. गाडीत सर्वांत म्हातारा टायर बहुधा तोच असतो.

तिसरी गोष्ट बांधणी. ५.२०-१४ सारखे जुने टायर ‘क्रॉसप्लाय’ असतात, म्हणजे आतले धागे एकमेकांना तिरके छेदतात. मिशेलिनने १९४०च्या दशकात आणलेल्या रेडियल टायरमध्ये धागे आडवे आणि वर पट्टे असतात. दोघांची वळणावरची वागणूक वेगळी असते. एका आसावर दोन प्रकार कधीही मिसळू नयेत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय ही जोडी तर फार धोक्याची, मागचा भाग आधी घसरतो. चारही एकाच प्रकारचे घेणे उत्तम. तारांच्या चाकांत आणि ट्यूबसाठी बनलेल्या जुन्या रिममध्ये योग्य मापाची ट्यूब हवीच.

चौथी गोष्ट जागा. टायर बसवल्यावर गाडीत माणसे भरून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का ते बघावे. मग गतिरोधकावरून हळू नेऊन पुन्हा तपासावे. घासत असेल तर गाडी वर घ्यावी, पत्रा ठोकून वेळ मारून नेऊ नये. नंतर अलाइनमेंट करावी आणि महिन्याने आतल्या कडेची झीज हाताने चाचपून बघावी.

पाचवी गोष्ट हवा. दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना. पावसाळ्यात तर याला पर्याय नाही. रस्त्यावर पाणी साचले की ठरावीक वेगानंतर टायर पाण्यावर तरंगू लागतो. ‘नासा’च्या संशोधकांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या सूत्रानुसार २४ पीएसआय हवेच्या गुळगुळीत टायरसाठी हा वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर येतो. हवा १६ वर उतरली की तो ६६ वर येतो. नक्षी चांगली असेल तर थोडी सवलत मिळते. भारतात मोटारीच्या नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण मुसळधार पावसाचा विचार करता तिथपर्यंत थांबू नये. या बाबतीत जुन्या अरुंद टायरची एक जमेची बाजू आहे. तो रुंद टायरपेक्षा पाणी चांगले कापतो.

टायर चकचकीत काळे दिसावेत म्हणून त्यांना तेल किंवा डिझेल पुसण्याची सवय सोडावी. खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. साबणपाणी पुरते. गाडी उभी ठेवायची असेल तर सावलीत ठेवावी आणि दोन-तीन आठवड्यांनी थोडी फिरवून आणावी.

कायद्याचे भानही हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायचे तर २०२१च्या नियमांप्रमाणे ती मूळ रूपात राखलेली असावी लागते. म्हणजे गाडी मूळ उंचीवर ठेवणे टायरच्या, मणक्याच्या आणि कागदपत्रांच्याही सोयीचे.

एवढे करूनही चालत्या गाडीचा टायर फुटलाच तर? जोरात ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा, गाडी आपोआप मंदावू द्यावी आणि मगच कडेला घ्यावी. माणसांना रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला उतरवावे आणि रहदारीच्या अंगाला उभे राहून चाक बदलण्याचे धाडस करू नये.

जुनी मोटार जपणारा माणूस तिचा मूळ रंग, मूळ बटणे, मूळ दिवे मिळवण्यासाठी वर्षे घालवतो. ते योग्यच आहे. टायर मात्र मूळ राहू देण्याची वस्तू नाही. पुढच्या रविवारी गाडी बाहेर काढण्यापूर्वी एकदा खाली वाकावे, पाचही टायरची तारीख वाचावी आणि कागदावर लिहून काढावी. सहापेक्षा जास्त वर्षे झालेला टायर गाडीवर असेल, तर त्या रविवारी गाडी घरीच थांबलेली बरी.